पक्कड, तार आणि दात

साधी यंत्रे हा पाठ शिकवताना आपण फळ्यावर तरफेची आकृती काढतो, टेकू, बल आणि भार ही तीन नावे लिहितो आणि कात्री, अडकित्ता व चिमटा अशी तीन प्रकारांची तीन उदाहरणे देतो. मुले ती पाठ करतात. परीक्षेत गुणही मिळतात. पण एकाच प्रकारच्या तरफेची शंभर हत्यारे का असतात, शिंप्याची कात्री पत्रेवाल्याला का चालत नाही, हा प्रश्न सहसा वर्गात निघत नाही. खरे विज्ञान तर तिथूनच सुरू होते.

सांगोला तालुक्यातील शिक्षकांना या प्रश्नासाठी लांब जायला नको. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी डाळिंबाची बाग असते आणि बाग म्हटली की छाटणीची कात्री आलीच. ती शाळेत आणायला सांगा आणि नेहमीच्या कागद कापण्याच्या कात्रीशेजारी ठेवा. कागदाच्या कात्रीची पाती लांब व मुठी आखूड असतात. छाटणीच्या कात्रीत पाते बोटभर आणि मूठ वीतभर. एक पाते धारदार व बाहेरून गोलाकार, तर दुसरे आकड्यासारखे. फांदी निसटू नये म्हणून. दोन मुठींमध्ये स्प्रिंग, म्हणजे दाबायचे काम हाताचे आणि उघडायचे काम स्प्रिंगचे. दिवसातून हजार-दीड हजार वेळा कात्री चालवणाऱ्या माणसाचे मूठ उघडण्याचे श्रम त्या एका स्प्रिंगने वाचतात. टेकू, बल, भार तेच राहिले. बदलली ती लांबी, टोकाचा आकार आणि मूठ.

हत्यार कामाजोगे व हाताजोगे करून घेणे म्हणतात ते हेच. या लेखात आपण हीच गोष्ट वेगळ्या ठिकाणी पाहणार आहोत. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी दातांना तारा बसवलेली मुले आता तालुक्याच्या शाळांतूनही दिसतात. त्या तारा ज्या हत्यारांनी वाकवतात, बांधतात आणि कापतात त्यांची रचना तरफेच्या पाठाचा एक उत्तम धडा आहे. मात्र तो समजून घ्यायला आधी दात मुळात सरकतो कसा, हे पाहायला हवे.

दात सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि त्याभोवतीचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवले तर होईल तितपतच. या थरात रक्तवाहिन्या आणि पेशी असतात. दातावर एका बाजूने हलका पण सतत दाब दिला की पुढच्या बाजूचा थर दाबला जातो आणि मागच्या बाजूचा ताणला जातो. दाबल्या गेलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या. पुढची भिंत पाडत आणि मागची बांधत दात हळूहळू नव्या जागी जातो. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्याने १९०४ साली कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून या बदलांचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन प्रसिद्ध केले.

आता महत्त्वाचा मुद्दा. दाब जास्त दिला तर दात लवकर सरकेल असे कोणालाही वाटेल. घडते उलटे. जास्त दाबाने त्या पातळ थरातल्या केशवाहिन्या चेपतात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात आणि दात काही आठवडे जागच्या जागी अडून बसतो. दुखते मात्र फार, आणि मुळालाही इजा होऊ शकते. श्वार्त्झ या संशोधकाने १९३२ साली सांगितले की मुळावरचा दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम इतकाच असावा. आजच्या पाठ्यपुस्तकांत दात नुसता कलता करायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम, मुळासकट सरळ सरकवायचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम आणि हिरडीच्या दिशेने आत दाबायचा असेल तर अवघे १० ते २० ग्रॅम बल सुचवलेले असते.

मुलांना हे आकडे हातात द्या. दहा रुपयांचे नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे असते. अशी सहा-सात नाणी तळहातावर ठेवली की ५० ग्रॅम झाले. दात कलता करायला एवढे वजन पुरते, मात्र ते महिनोन्‌महिने लागले पाहिजे.

तारेचे गणित

हे हलके, सततचे बल देण्याचे काम तार करते. प्रत्येक दातावर एक छोटी खाच असलेला धातूचा तुकडा चिकटवतात. त्याला ब्रॅकेट म्हणतात. सगळ्या ब्रॅकेटच्या खाचांतून एक कमानीसारखी तार ओवतात. दात रांगेबाहेर असल्यामुळे तार तिथे वाकते आणि सरळ होऊ पाहते. सरळ होताना ती दाताला बरोबर ओढून नेते. चौकोनी खाचेच्या ब्रॅकेटची ही पद्धत अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १९२८ साली मांडली. तिच्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना आजही तीच आहे. आपल्या देशात या शाखेच्या तज्ज्ञांची ‘इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी’ ही संस्था १९६५ साली स्थापन झाली.

तार किती ताठ असावी? इथे दोन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. गोल तारेचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो. ०.४ मिलिमीटरऐवजी ०.५ मिलिमीटरची तार घेतली तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण ताठरपणा जवळजवळ अडीच पट होतो. उलट, दोन दातांमधल्या तारेची लांबी दुप्पट केली तर ताठरपणा एक अष्टमांश होतो. दोन दातांमधले अंतर तर ठरलेले असते. मग लांबी वाढवायची कशी? तारेला मध्येच एक वळसा किंवा फास द्यायचा. तेवढ्याच जागेत जास्त तार मावते आणि बल मवाळ होते.

हा वळसा देण्यासाठी हवी पक्कड. इथे एक विरोधाभास दिसतो. दातावर नाण्यांइतके बल हवे, पण पोलादी तार वाकवायला मात्र हाताचा चांगला जोर लागतो. मोठे बल तारेवर आणि छोटे बल दातावर, अशी ही वाटणी आहे. मोठे बल चुकून दातावर गेले तर मूल कळवळते किंवा ब्रॅकेट निखळते. म्हणून पकडीचे सगळे कसब एकाच प्रश्नात सामावते: बल जिथे हवे तिथेच जावे आणि नको तिथे जाऊ नये, यासाठी हत्यारात काय बदल करावा?

चोचीचे आकार

पक्कड ही पहिल्या प्रकारची तरफ. मधोमध टेकू, एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला चोच. समजा मुठीवर हाताचा दाब टेकूपासून १० सेंटिमीटरवर पडतो आणि तार टेकूपासून अडीच सेंटिमीटरवर धरली आहे. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा, या सूत्राने चोचीत हाताच्या चौपट बल मिळते. तार कापायच्या पकडीत पाते टेकूपासून एकाच सेंटिमीटरवर असेल तर बल दहापट होते. म्हणून कापणाऱ्या पकडीची चोच आखूड आणि तोंडात खोलवर पोचायच्या पकडीची चोच लांब. लांब चोच घेतली की बल कमी मिळणार हे ओघानेच आले. दोन्ही एकदम मिळत नाही.

टोकांचे आकार तर याहून बोलके आहेत. दंतवैद्याच्या ट्रेमध्ये चार-पाच पकडी सहज दिसतात आणि सोनाराच्या किंवा घड्याळजीच्या पकडींशी त्यांचे नाते लगेच ओळखू येते.

पहिली ‘पक्ष्याच्या चोची’ची पक्कड. तिचे एक टोक गोल शंकूसारखे आणि दुसरे चौकोनी पिरॅमिडसारखे असते. तार शंकूवर वाकवली तर गोल वळण मिळते आणि पिरॅमिडच्या कडेवर वाकवली तर टोकदार कोन. एका हत्यारात दोन कामे झाली. पण शंकूला एक दोष आहे. टोकाकडे तो बारीक आणि बुडाकडे जाड असल्यामुळे तार जरा खालीवर धरली गेली की वळशाचा व्यास बदलतो. उजव्या बाजूचा वळसा एका मापाचा आणि डाव्या बाजूचा दुसऱ्या मापाचा झाला तर दोन्हीकडचे बल सारखे राहणार नाही. यावर केलेला उपाय फार साधा आहे. शंकूच्या जागी पायऱ्या पाडलेला दंडगोल घेतला. प्रत्येक पायरीचा व्यास ठरलेला. पहिल्या पायरीवर वाकवा, दुसरीवर वाकवा, दर वेळी वळसा त्याच मापाचा. ज्यांच्याकडे अशी पायऱ्यांची पक्कड नसते ते शंकूवरच हव्या त्या व्यासाच्या जागी बारीक रेघ कोरून घेतात आणि तार नेहमी त्या रेघेवर धरतात. हत्यार तेच, पण एका रेघेने त्याची मोजपट्टी झाली.

दुसरी तार ओवण्याची पक्कड. तिची चोच बारीक, किंचित वाकडी आणि आतून खरखरीत असते. वाकडी कशासाठी? मागच्या दाढेच्या नळीत तार सरकवताना सरळ पक्कड धरली तर हाताचाच आडोसा येतो आणि ओठाचा कोपरा ताणला जातो. चोच वाकवली की हात नजरेच्या आड येत नाही. बल वाढले नाही की घटले नाही. वाढले ते दिसणे.

तिसरी सगळ्यात शहाणी. शेवटच्या दाढेमागे तारेचे उरलेले टोक कापून टाकावे लागते. साध्या कटरने कापले तर दोन धोके असतात. एक म्हणजे टोक थोडे लांब राहते आणि गालाला टोचते. डाळिंब तोडतानाही हेच पथ्य असते. देठ लांब राहिला तर क्रेटमधल्या शेजारच्या फळात घुसतो, म्हणून तो फळालगत कापतात. दुसरा धोका मोठा. कापलेला तुकडा उडून घशात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतो. या कामासाठी केलेल्या पकडीत पाती अगदी टोकाला आणि एका बाजूला वळवलेली असतात, म्हणून तार दाढेच्या अगदी लगत कापली जाते. शिवाय पात्यांशेजारी एक धरणारा भाग असतो. तार तुटते त्याच क्षणी तो तुकडा चिमटीत पकडून ठेवतो. कापणे आणि धरणे या दोन क्रिया एका दाबात होतात. पूर्वी डॉक्टरला दुसऱ्या हाताचे बोट किंवा कापसाचा बोळा तिथे धरून ठेवावा लागे. आता तो हात मोकळा झाला आणि मुलाच्या जिवाचा धोकाही टळला.

हाताचा थकवा आणि उलटा चिमटा

आतापर्यंत आपण टोकाकडे पाहिले. आता मुठीकडे वळू.

साधा चिमटा ही तिसऱ्या प्रकारची तरफ. वस्तू धरून ठेवायची तर बोटे दाबून ठेवावी लागतात. ब्रॅकेट चिकटवताना तो तीन-चार मिलिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून दातावर नेमक्या जागी टेकवायचा असतो. सतत दाबून बोटे थकली की थरथरतात आणि ब्रॅकेट तिरके बसते. तिरक्या ब्रॅकेटमधली तार दाताला तिरकाच नेणार. यावर उपाय म्हणून उलटा चिमटा आला. त्याचे दोन पाय एकमेकांना ओलांडून जातात. त्यामुळे दाबले की तो उघडतो आणि सोडले की मिटतो. धरून ठेवण्याचे काम पोलादाच्या स्प्रिंगकडे गेले, बोटांकडे फक्त दिशा देण्याचे काम राहिले. कपडे वाळत घालायच्या चिमट्यातही हीच युक्ती असते.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेतून आले. जखम शिवताना सुई धरण्यासाठी एक पक्कड वापरतात. पॅरिसमधील साधनकार माथ्यू यांच्या नावाने ती ओळखली जाते. ती तळहातात दाबली की दातेरी खिटी अडकते आणि पकड तशीच राहते. पुन्हा जरा जास्त दाबली की खिटी सुटते आणि पक्कड उघडते. दातांवर तार बांधण्यासाठी केसासारख्या बारीक तारेचे किंवा रबराचे छोटे फास लावावे लागतात. एका वेळी वीस-बावीस. कात्रीसारख्या कड्यांत बोटे अडकवून हे करायचे तर प्रत्येक वेळी अंगठा वळवून खिटी सोडवावी लागते. तळहातातल्या पकडीत बोटांची जागा बदलावी लागत नाही. म्हणून सुईसाठी केलेले हत्यार दाताच्या डॉक्टरांनी आपलेसे केले.

तिसरे उदाहरण ऐकून मुले हसतील. दाढेवर धातूचे कडे घट्ट बसवायचे असते आणि हाताच्या जोराने ते नीट बसत नाही. अशा वेळी कड्याच्या कडेवर एक छोटी दांडी टेकवतात आणि मुलालाच ती हळूच चावायला सांगतात. चावण्याचे स्नायू शरीरातल्या सर्वांत बळकट स्नायूंपैकी आहेत. डॉक्टरच्या मनगटाऐवजी मुलाचा जबडा बल देतो आणि दुखायला लागले की मूल आपोआप थांबते. बलाचा उगम बदलणे हाही हत्यारातलाच एक बदल आहे.

मुठीच्या जाडीचाही अभ्यास झाला आहे. पातळ, पेन्सिलीसारखी मूठ धरायला बोटांना जास्त आवळावे लागते. दात साफ करण्याच्या हत्यारांवर अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांत सुमारे १० मिलिमीटर जाड आणि १५ ग्रॅम वजनाच्या मुठीला चिमटीचा दाब सर्वांत कमी लागतो असे आढळले. पकडीच्या बाबतीत दोन मुठींमधले अंतर महत्त्वाचे. अंतर फार रुंद असेल तर लहान हाताची बोटे पुरती वळत नाहीत आणि जोर लागत नाही. सुतारकामाची मोठी पक्कड सातवीतल्या मुलीच्या हातात द्या आणि तीच पक्कड तुम्ही धरा. फरक लगेच कळेल. हत्यार एका मापाचे आणि हात शंभर मापांचे, ही अडचण शेतात, कारखान्यात आणि दवाखान्यात सारखीच आहे.

बदल करताना पाळायचे नियम

अनेक दंतवैद्य जुन्या पकडी घासून, खाचा पाडून त्यांना नवे काम देतात. अशा युक्त्यांची छोटी टिपणे त्यांच्या व्यावसायिक नियतकालिकांतही छापून येतात. तार निसटू नये म्हणून चोचीत बारीक खोबण पाडणे, टोक थोडे निमुळते करणे, लहान हत्यार हातातून सुटून घशात जाऊ नये म्हणून त्याला दोरा बांधणे, हे त्यातले सोपे प्रकार. पण हे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र आड येतात.

पहिला नियम पोलादाच्या पाण्याचा. लोहार कोयता लाल तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. त्याने धार कठीण होते. हेच पाते नंतर सहाणेवर कोरडे घासले आणि तापून निळे पडले तर समजावे की पाणी उतरले. साधारण ३०० अंश सेल्सिअसला ही निळी झाक येते. पकडीचेही तसेच. घासताना वारंवार पाण्यात बुडवून ती गार ठेवावी लागते. नाहीतर चोच मऊ पडते आणि दोन महिन्यांत कडक तारेचे ओरखडे तिच्यावर उमटतात. कडक तार कापणाऱ्या पकडीच्या पात्यांना तर टंगस्टन कार्बाइडचे तुकडे जोडलेले असतात. मऊ तार कापायच्या नाजूक कटरने कडक तार कापली तर पात्याला दाते पडतात.

दुसरा नियम गंजाचा. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्र्यासारखा बसतो आणि आतल्या लोखंडापर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही. पण सगळे स्टेनलेस स्टील एकसारखे नसते. दातांवरच्या पोलादी तारेत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ती गंजाला चांगली दाद देत नाही. पकडीच्या पोलादात मात्र कठीणपणासाठी कार्बन जास्त असतो आणि निकेल जवळजवळ नसते. म्हणून ते कठीण असते, पण गंजाच्या बाबतीत जरा कच्चे. खरबरीत घासलेल्या जागी, खाचेत आणि सांध्यात ओल राहिली की तांबूस ठिपके दिसू लागतात. म्हणून पाडलेली खाच शेवटी गुळगुळीत चकचकीत करावी लागते.

तिसरा नियम निर्जंतुक करण्याचा. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूंमुळे होतो आणि कात्रीवाटे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणून दर झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटसारख्या जंतुनाशक द्रावणात बुडवावी असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणाऱ्या पकडीला तर याहून कडक शिस्त हवी. ती ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालील वाफेत १५-२० मिनिटे ठेवतात. किंवा तापमान १३४ अंश ठेवले तर काही मिनिटे पुरतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे काटेकोर मोजमापाचा प्रेशर कुकरच. आता कोणी मऊ लागावे म्हणून मुठीला सायकलची ट्यूब किंवा चिकटपट्टी गुंडाळली तर? वाफेत ती सैल होईल, तिच्याखाली घाण साचेल आणि तिथे वाफ पोचणार नाही. म्हणून मूठ जाड करायचीच तर एवढी उष्णता सोसणारे सिलिकोन वापरतात. हाताला सोयीचा पण निर्जंतुक न होणारा बदल हा बदल नव्हे, नवा धोका आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

शहरात दवाखाना गल्लीत असतो. सांगोल्यासारख्या ठिकाणी चित्र वेगळे. तालुक्याच्या गावी दात सरळ करणारे तज्ज्ञ बहुधा ठरावीक दिवशीच येतात, नाहीतर सुमारे ३० किलोमीटरवर पंढरपूर किंवा ८० किलोमीटरवर सोलापूर गाठावे लागते. उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात आणि चार ते सहा आठवड्यांनी एक फेरी, म्हणजे पंधरा-वीस फेऱ्या. वाडीवरच्या मुलासाठी प्रत्येक फेरी म्हणजे शाळेचा एक दिवस, आईचा किंवा वडिलांचा एक रोज आणि एसटीचे भाडे. तारेचे टोक गालाला टोचले किंवा ब्रॅकेट निघाले तर एक फेरी आणखी. अशा तीन-चार जादा फेऱ्या झाल्या की घरचे कंटाळतात आणि उपचार अर्धवट सुटतात. सरकलेले दात पुन्हा जुन्या जागेकडे जाऊ लागतात; पैसाही गेला आणि दातही.

तुकडा धरून ठेवणारी पक्कड, न थरथरणारा चिमटा, सारख्या मापाचा वळसा देणारी पायरी, यांची किंमत इथे कळते. प्रत्येकातून वाचलेला वेळ पाच मिनिटांचा असेल, पण टळलेली फेरी अख्ख्या दिवसाची असते.

काळ पुढे गेला आहे हेही सांगितले पाहिजे. पूर्वी प्रत्येक दाताला धातूचे कडे बसवत. १९५५ साली बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करून त्यावर प्लास्टिक चिकटवण्याची रीत दाखवली. पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले आणि कडी बसवण्याच्या निम्म्या हत्यारांचे काम संपले. १९७० नंतर निकेल-टायटॅनियमची तार आली. तिचा ताठरपणा पोलादाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा आणि ती पुष्कळ वाकूनही पूर्ववत होते. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत वळसे देण्याची गरज उरली नाही. तरी शेवटच्या बारीक दुरुस्त्या हातानेच, पकडीनेच होतात.

वर्गात करून पाहा

१. पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि १० सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा. टोकावर काही नाणी ठेवून टोक किती खाली येते ते मोजा. मग २० सेंटिमीटर बाहेर काढून तेवढीच नाणी ठेवा. टोक दुप्पट नव्हे, जवळजवळ आठपट खाली येईल. नाणी बेताने ठेवा. पट्टी थोडीच वाकली पाहिजे.

२. जाड पुठ्ठा कात्रीच्या टोकाने कापा, मग टेकूजवळ धरून कापा. कुठे कमी जोर लागतो? बलभुजा आणि भारभुजा मोजून गुणोत्तर काढा.

३. तांब्याची आणि पोलादी तार पकडीने काटकोनात वाकवून सोडून द्या. पोलादी तार थोडी उलगडते. काटकोन हवा असेल तर ती किती अंशांपर्यंत वाकवावी लागेल ते शोधा. दंतवैद्याला हा हिशेब रोज करावा लागतो.

४. घरातली स्टीलची सुरी, कात्री, वाट्या आणि चमचे यांना चुंबक लावून पाहा. कठीण पोलादाची हत्यारे चिकटतात. १८-८ जातीच्या वाट्या चिकटत नाहीत. काही भांडी मात्र चिकटतात. ती वेगळ्या जातीच्या स्टीलची असतात.

५. घरातले कोणतेही एक हत्यार निवडा. ते वापरणाऱ्या माणसाला विचारा: कुठे दुखते? काय निसटते? काय दिसत नाही? मग एकच बदल सुचवा आणि चित्र काढा. गुण चित्राला नव्हे, प्रश्नांना द्या.

तारा असलेले मूल वर्गात असेल तर

सुरुवातीचे तीन-चार दिवस दात दुखतात, बोलताना जीभ अडखळते. त्या आठवड्यात त्याला मोठ्याने वाचायला उभे करू नये आणि इतरांना चिडवू देऊ नये. तार टोचत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला सांगावे आणि दवाखान्यातून मिळालेले खास मेण टोकावर लावायला सांगावे. शाळेतल्या पकडीने तार कापायला जाऊ नये. कापलेला तुकडा धरून ठेवणारी चोच तिला नसते. शेंगदाण्याची चिक्की, ऊस, कणीस दातांनी तोडून खाऊ नये. आपल्या भागातली कडक भाकरी आमटीत चांगली भिजवून खायला हरकत नाही. मधल्या सुटीत खाल्ल्यावर चूळ भरण्याची सवय मात्र पक्की हवी, कारण ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचले की दात किडतात आणि सरळ झालेला दात किडका निघणे याहून वाईट काय?

चूळ भरायची तर शाळेत पाण्याचा नळ हवा आणि तो त्या मुलाच्या उंचीला हवा. नळ किती उंचीवर बसवावा, हाही हत्यार हाताजोगे करण्याचाच प्रश्न आहे. तो वर्गातल्या मुलांनाच मोजून ठरवू द्या.